काठावरचं रक्त

मी डॉक्टर आहे यावर आमच्या कुंभार पिंपळगावात अजून सगळ्यांचा विश्वास बसलेला नाही. जालना जिल्हा झाला त्या वर्षी मी शहरात रक्त-लघवी तपासायची लॅब टाकली. बातमी गावात पोचली तेव्हा माझ्या चुलतीनं आईला विचारलं, "सुई मारती का?" आई म्हणाली, "मारती. पण औषध घालत न्हाई, रक्त काढती." चुलती म्हणाली, "जाऊ दे. लगीन तर झालंय ना तिचं."

चुलतीचंही बरोबरच होतं. आमच्याकडे माणूस बरा व्हायला येत नाही, उत्तर घ्यायला येतो. आणि त्याला हवं ते उत्तर तो घरूनच घेऊन आलेला असतो. धान्याच्या मोंढ्यातले एक शेठजी होते, पणजोबांच्या काळात राजस्थानातून येऊन इथलेच झालेले. साखरेचा रिपोर्ट हातात घेतला की म्हणायचे, "मॅडम, जुनं गिऱ्हाईक आहे. काहीतरी कमी करा." पहिल्यांदा मी बिलातून पैसे कमी करायला निघाले. शेठजी घाईनं म्हणाले, "बिल बराबर आहे. शुगर कमी करा."

अशा लोकांना सांभाळणं सोपं असतं. अवघड जातं ते "हाय का न्हाई तेवढं सांगा" म्हणणाऱ्यांना, आणि तेही ज्या तपासणीला तिसरंच उत्तर येतं तिथं. तसलीच ही हकीकत. ज्यांची आहे त्या दोघांनाही विचारून लिहिते आहे, नावं तेवढी बदलली आहेत.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. काळे सर घनसावंगी तालुक्यातल्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन जालन्यात राहायला आले होते. विषय गणित. माझ्या चुलतभावांपैकी निम्म्यांनी त्यांच्या हातचा मार खाल्लेला. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा प्रशांत पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. सर वर्षातून एकदा साखर तपासायला यायचे, कागदावरच्या आकड्याशेजारची हद्द वाचायचे आणि स्वतःलाच म्हणायचे, "मर्यादेत आहे. पण सुधारणेला वाव आहे."

त्या दिवशी ते दुपारी आले आणि शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. मग आत येऊन दार लोटलं, पिशवीतून एक फाईल काढली. पुण्याच्या कुठल्यातरी लॅबचं 'संपूर्ण आरोग्य पॅकेज' होतं. प्रशांतनं आग्रहानं करून घेतलेलं. त्यात कोलेस्टेरॉलपासून कशाकशाची तपासणी होती, आणि शेवटून दुसऱ्या पानावर हर्पीस. समोरच्या इंग्रजी शब्दाखाली सरांनी लाल पेननं दोन रेघा मारल्या होत्या.

"डिक्शनरीत बघितलं," सर म्हणाले. "संदिग्ध. मॅडम, माझ्या अख्ख्या नोकरीत मला कुणी संदिग्ध म्हणालं नाही."

"तुम्हाला नाही म्हणाले सर. तुमच्या रक्ताला म्हणाले."

"त्यात काय फरक? मला पास की नापास ते सांगा."

"काठावर."

"काठावर म्हणजे पास."

"इथं उलटं आहे. या परीक्षेत नापास झालेलं बरं."

सर हसले नाहीत. एरवी ते निदान डोळ्यांनी तरी हसायचे. म्हणून मी थट्टा बाजूला ठेवली आणि विचारलं, कधी फोड, जखम, आग, काही? काही नाही, बिलकुल नाही. मग त्यांना जे सांगितलं ते इथंही सांगते, कारण ही पॅकेजं आता गल्लोगल्ली झाली आहेत.

या तपासणीत आम्ही विषाणू शोधत नाही. विषाणू शरीरात येऊन गेला तर शरीर त्याच्याविरुद्ध काही द्रव्यं तयार करून ठेवतं, ती शोधतो. म्हणजे चोर नाही, चोर आल्यावर घराला लावलेलं कुलूप शोधायचं. कुलूप दिसलं तरी चोर कधी आला, कुठल्या दारानं आला, कुणाबरोबर आला, हे कुलूप सांगत नाही. प्लास्टिकच्या ताटलीत बारीक बारीक खळगे असतात. त्यात रक्तातलं पाणी आणि रसायनं घालतात. द्रव्यं असली तर पिवळा रंग येतो. गडद आला तर 'आहे', आला नाही तर 'नाही'. मशीन रंगाचा आकडा काढतं. पण फिक्का आला, पाणी जास्त झालेल्या चहासारखा, तर आकडा दोन रेघांच्या मधे अडकतो. तिथं प्रामाणिक लॅब 'सांगता येत नाही' असं लिहिते.

शिवाय हर्पीसच्या दोन जाती. पहिली बहुतेक ओठांवर येते, ताप-सर्दीनंतर फोड उठतात ती. घरातल्या कुणीतरी पापा घेतला, की लहानपणीच लागते आणि आयुष्यभर अंगात झोपून राहते. दुसरी बहुतेक शरीरसंबंधातून येते, ती खाली. पुण्याच्या तपासणीत दोन्ही एकत्रच मोजल्या होत्या.

"म्हणून काही त्रास नसताना ही तपासणी करू नये, असं आमचं शास्त्र सांगतं," मी म्हटलं. "उत्तर येतं, पण कोणत्या प्रश्नाचं ते कळत नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग खरी गोष्ट बाहेर आली.

एमआयडीसीच्या रस्त्यावर वत्सलाबाईंची खानावळ होती. नवरा लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये होता, छातीच्या आजारानं गेला. तेव्हापासून बाई मिलच्या कामगारांना जेवू घालत होत्या. सर बायको गेल्यावर तिथं जेवायला जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवरच्या पाटीतल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या, दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना मुद्दाम तिखट आमटी वाढली. तिथून सूत जुळलं ते इतकं, की संक्रांतीनंतर रजिस्टर लग्न करायचं ठरलं होतं.

"प्रशांतला पसंत नव्हतंच," सर म्हणाले. "करायचंच असेल तर आधी तपासण्या करून घ्या, म्हणाला. मला वाटलं काळजीनं म्हणतोय. रिपोर्ट आल्यावर फोनवर म्हणतो, बाबा, ती खानावळवाली, तिथं कोण येतं कोण जातं... मॅडम, आमचा संबंध अजून भाकरीपुरता आहे. मी त्या बाईंच्या हाताला हात लावलेला नाही."

"मग त्याचं बोलणं सोडून द्या."

"ते सोडलं. पण मग हे आलं कुठून?" त्यांचा आवाज खाली गेला. "मला आयुष्यात दुसरी बाई नव्हती. मग उरली प्रशांतची आई. मी महिना-महिना ट्रेनिंगला असायचो, ती एकटी असायची. मॅडम, झोप येत नाही मला. गेलेल्या बायकोला मी मनातल्या मनात प्रश्न विचारून राह्यलो."

शाळेत शुद्ध बोलणारा माणूस अस्वस्थ झाला की घरच्या बोलीवर येतो. मी टेबलावर चुकीच्या ठिकाणी ठेवलेला पेनसुद्धा सहन न होणारे हे सर. त्यांना अर्धवट आकडा देणं म्हणजे चप्पलेत खडा देणं. मी म्हटलं, दोन्ही जाती वेगळ्या मोजणारी तपासणी मुंबईत होते, रक्त पाठवून बघू. पण एक सांगून ठेवते, तिथंही नक्की उत्तर मिळेलच असं नाही.

"गणितात असं नसतं," ते म्हणाले.

"म्हणून तर तुम्ही गणितात गेलात आणि मी रक्तात."

मुंबईहून रिपोर्ट आला. पहिली जात, म्हणजे ओठांची, स्पष्ट होती. दुसरी पुन्हा काठावर. दोन रेघांमधल्या या पट्टीत पहिल्या जातीचीच सावली दुसरीच्या खळग्यात पडते आणि रंग थोडा पिवळा दिसतो, असं पुष्कळदा होतं. हे मी त्यांना दोनदा समजावलं. शिवाय त्वचारोगाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. त्यांनी तपासून, काही दिसत नाही, काही औषध नको, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू, असं सांगितलं. सरांनी सगळं ऐकलं आणि त्यातला 'काठावर' हा एकच शब्द घरी नेला.

त्यानंतरच्या आठवड्यात वत्सलाबाई स्वतः लॅबमध्ये आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेला, हातात स्टीलचा डबा. काउंटरवरच्या मुलीला न विचारता थेट माझ्यासमोर.

"ताई, हेडमास्तर तुमच्याकडं आल्ते ना? तवापासून खानावळीत येईनात. डबा पाठवला तर माघारी. काय झालंय त्यान्ला?"

"मला नाही सांगता येणार. ज्याचा रिपोर्ट त्यालाच सांगायचा, असा नियम आहे."

"मराया टेकलेत का?"

"नाही, नाही. तसलं काही नाही."

"मंग दुसरी खानावळ लावली का?"

मला हसू आलं. मी सरांना फोन लावला. म्हटलं, इथं तुमचा डबा आला आहे, आणि डब्याबरोबर माणूसही. तुम्ही येऊन बोलता की मी यांना तशाच परत पाठवू? सर म्हणाले, येतो.

सर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. खुर्चीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. पॅकेज, दोन जाती, दोन रेघा, काठ. एखादं प्रमेय फळ्यावर मांडावं तसं. मुलगा काय म्हणाला आणि गेलेल्या बायकोबद्दल मनात काय आलं तेही सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "म्हणून मी ठरवलंय की लग्न नको. तुम्हाला माझ्यापासून काही व्हायला नको."

वत्सलाबाईंनी माझ्याकडं बघितलं. "ह्ये नागीण म्हंत्यात ते का?"

"नाही. नागिणीच्या भावकीतलंच, पण वेगळं."

"यान्ला हाय का न्हाई?"

"ओठांचं आहे. ते तुम्हाला मला, निम्म्याहून जास्त गावाला असेल. दुसरं सांगता येत नाही. बहुतेक नसावं असं मला वाटतं, पण वाटण्याला लॅबमध्ये किंमत नाही."

"आन् असलं तर?"

"पुष्कळांना आयुष्यात काहीच होत नाही. कुणाला कधी फोड येतात, आग होते, आपोआप बरं होतं, गोळ्याही आहेत. फोड असताना जपायचं. पण फोड नसतानाही एखाद्या वेळेला दुसऱ्याला लागू शकतं, हे मी लपवणार नाही. जपायचे उपाय आहेत, ते सांगेन. ठरवायचं तुम्ही."

"माझं रक्त घ्या की मंग."

"घेते म्हटलं तर घेते. पण तुम्हाला काही त्रास नाही. तुमचंही काठावर आलं तर?"

"तर दोघं बी काठावर बसू," त्या म्हणाल्या. सर त्याही अवस्थेत पुटपुटले, "शक्यता स्वतंत्र आहेत का ते बघावं लागेल." बाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं, की शक्यता तिथंच मिटल्या.

मग बाईंनी हळू आवाजात विचारलं, "ते आजाराचं ऐकलं मी. पोरगं माझ्याबद्दल बोललं ते बी ऐकलं. पर तुम्ही त्या माउलीवर कशी काय शंका घेतली? ती आता सांगाया येणार हाय का? मी मेल्यावर माझ्याबद्दल बी आसंच कागद घेऊन बसाल?"

सरांनी खाली बघितलं. मी उगीच मायक्रोस्कोप पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

"पोराला बोलवा," वत्सलाबाई उठत म्हणाल्या. "ताईंसमोरच बोलू. आन् डबा खाऊन घ्या, वांगं हाय."

प्रशांत रविवारी आला. उंच, सभ्य मुलगा, गाडी चालवून थकलेला. लॅब बंद होती, म्हणून आम्ही चौघं आतल्या खोलीत बसलो. सरांनी मला सगळं बोलायची मोकळीक दिली होती. प्रशांतनं सुरुवातच अशी केली, "मॅडम, मी मागासलेला नाही. पण रिपोर्ट खोटं बोलत नाही ना."

"रिपोर्ट काही बोललाच नाही, हीच तर अडचण आहे," मी म्हटलं. आणि त्याच वेळी मला त्याचा ओठ दिसला. खालच्या ओठाच्या कडेला खपली, तिच्यावर पांढरं मलम.

"हे काय झालंय?"

"हे? काही नाही. सर्दी झाली की येतं मला. ताप फुटतो ना, ते."

"त्याचं नाव माहीत आहे?"

त्यानं मान हलवली. मी टेबलावरचा रिपोर्ट त्याच्याकडं वळवला आणि पहिल्या जातीच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. हात नकळत ओठाकडे गेला.

"पॅकेज तुमचंही करून टाकायचं का?" मी विचारलं. वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रशांतचे कान लाल झाले.

"पण हे तर मला लहानपणापासून आहे," तो म्हणाला. "आईलाही यायचं. आईच म्हणायची, माझ्याकडून घेतलंस मेल्या. परीक्षा आली की दर वर्षी यायचं मला. ती साजूक तूप लावायची."

"तुला यायचं?" सर म्हणाले. "कधी?"

"दर वर्षी, बाबा."

"मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही सकाळीच शाळेत जायचात. आल्यावर पेपर तपासायला बसायचात." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं त्यानं.

सर काही वेळ मुलाच्या ओठाकडं बघत राहिले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण त्यांना असं चष्मा काढून, न पुसता हातात धरून बसलेलं तेव्हाच पाहिलं. "तिनं मला कधी सांगितलं नाही," ते म्हणाले. मग चष्मा घालत, "मी विचारलं नसेल."

त्यानंतरही मी माझं काम केलं. प्रशांतला सांगितलं, की यानं पहिल्या जातीचा उलगडा होतो, आणि काठावरचा आकडा तिच्याच सावलीनं आला असण्याची शक्यता वाढते. पण दुसरी जात नाहीच, असं मी लिहून देणार नाही. आणि असली, तरी कुणी दिली हे जगातली कोणतीही लॅब सांगणार नाही. प्रशांत वत्सलाबाईंकडं वळून म्हणाला, "मी फोनवर जे बोललो..."

"सॉफ्टवेअरमधी काय काम करतोस?" बाईंनी मधेच विचारलं.

"प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो."

"तरीच," त्या म्हणाल्या.

लग्न रजिस्टर कचेरीत झालं. सर म्हणत होते तीन महिने थांबू, पुढचं रक्त बघू. वत्सलाबाई म्हणाल्या, "या वयात तीन महिने कोण देतंय? जपायचं ते जपू, ताईंनी सांगितलंय सगळं." साक्षीदार म्हणून प्रशांतनं सही केली, दुसरी सही मी. त्या दुपारी खानावळीत मिलच्या पोरांना गोड जेवण होतं. जांब समर्थला दर्शन घेऊन नवराबायको संध्याकाळी परत आले आणि बाई लगेच दुसऱ्या दिवसाची डाळ निवडायला बसल्या, असं सरच मला तक्रारीच्या सुरात सांगत होते.

अशा गोष्टी नेहमी इतक्या नीट संपल्या नाहीत. दोनदा दिवस गेले आणि टिकले नाहीत, म्हणून सुनांच्या रक्तावर अशाच तपासण्यांची रांग लावायचा एक काळ होता. त्यात हर्पीसही असायचं. आकडा जरा वर दिसला की कागद घरी जायचा, आणि पुढं सून माहेरी गेल्याचं कानावर यायचं. सासू तेवढ्यात माझ्याकडं साखर तपासायला यायची, ओठावर फोड घेऊन. मी सांगायचे. काही जणी ऐकायच्या. पुष्कळ जणी म्हणायच्या, "ते राहू द्या बाई, आमचा रिपोर्ट काय म्हंतो ते सांगा." त्या मुलींची तोंडं मी फारशी पाहिली नाहीत, फक्त नळ्यांवरची नावं वाचली. आजही त्यातली काही आठवतात.

उन्हाळ्यात ठरल्याप्रमाणे सर रक्त द्यायला आले, वत्सलाबाई नुसत्या सोबत. मुंबईचं उत्तर आल्यावर मी दोघांना बोलावलं. बाजार करून आले होते, हातात भाजीची भरलेली मोठी पिशवी. सरांनी कागद घेतला, आकडा वाचला, हद्द वाचली. पुन्हा तसाच फिक्का पिवळा. पहिल्यापेक्षा किंचित कमी, पण दोन रेघांच्या मधेच.

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. पुढं काय विचारणार तेही मला माहीत होतं, आणि उत्तरही तयार होतं, की आता पुन्हा तपासण्यात अर्थ नाही, काही त्रास झाला तरच या. पण सरांनी काही विचारलं नाही. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि बायकोला म्हणाले, "कालच्यासारखंच आहे."

"मंग चला जल्दी," त्या म्हणाल्या. "मेथी सुकून राह्यली."

मी दारापर्यंत गेले. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. पिशवी जड होती. वत्सलाबाईंनी एक बंद धरला, सरांनी दुसरा, आणि पाय सांभाळत, एकमेकांच्या चालीनं, दोघं एमआयडीसीच्या टेम्पोकडं चालू लागले.